सोनाराची पोढी आणि सम्राटाचे प्रेक्षागार

(बोरिवली येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



रोमच्या कोलोसियमचे भग्नावशेष पाहून आपल्याकडील प्रवासी थक्क होऊन परततात. सुमारे 50 हजार प्रेक्षक मावतील असे हे प्रेक्षागार इ. स. 80 मध्ये खुले झाले. जेरुसलेमच्या युद्धातील लुटीवर ते उभे राहिले आणि उद्घाटनाचे खेळ शंभर दिवस चालले. तेथे माणसाचे मरण हीच करमणूक होती.

त्याच रोमशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार होता. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने नोंदवली आहे. सोपारा आणि कल्याण ही त्या व्यापाराची बंदरे. तेथील दाते आपल्याला कान्हेरीच्या शिलालेखांत भेटतात. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी खोदवली, तेथल्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. भिक्षूंच्या निर्वाहासाठी मंगलस्थान गावातील शेत दान झाले. मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. शंभराहून अधिक लेण्यांच्या या डोंगरावर पावसाचे पाणी चरांनी वळवून टाक्यांत साठवले जाई.

यावरून प्राचीन काळी समता नांदत होती, असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. चैत्यगृहाच्या लेखात दगड घडवणाऱ्यांचा उल्लेख तरी आहे. दान दिलेले शेत कसणारा मात्र अनामच राहिला. तरीही एक फरक उरतोच. समाजाचे वाढावे कोठे खर्ची पडते, तमाशावर की पाण्यावर, यावरून त्या समाजाची पारख होते.

आज ही कसोटी आपल्यालाच लागू आहे. 1997 साली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्या धडक्यात झोपडीवासीयांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या आदिवासींवरही विस्थापनाची टांगती तलवार आली. पुढे 2006 चा वनहक्क कायदा झाला; परंतु कायदा कागदावर आला म्हणजे हक्क पाड्यावर पोचत नाही. लेणी जपलीच पाहिजेत, वनही राखले पाहिजे. मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या टाक्यांचे कौतुक करायचे आणि शेजारच्या पाड्यावर नळ मागणाऱ्या बाईला अतिक्रमक म्हणायचे, ही वारशाची जपणूक नव्हे.

तेव्हा कान्हेरीला सहल जरूर काढा. परतताना एखाद्या पाड्यावर थांबा, वनहक्काच्या दाव्यांची स्थिती विचारा, अर्ज लिहून द्या. सोनाराने पोढी दिली. आपण निदान पाठपुरावा तरी देऊ.