तळघराची भिंत : थर्माकोलच्या आड काय राहतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, माझा भाऊ कॅनडात असतो. तिकडे तळघराच्या भिंती थर्माकोलच्या ठोकळ्यांत काँक्रीट ओतून करतात. मखमलाबादला माझं घर काढतोय. तसंच करू का?"

आधी पद्धत बघू. हिला आयसीएफ म्हणतात. दाट थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकमेकांवर बसवायचे. दोन्ही बाजूंना साधारण अडीच इंच थर्माकोल, मध्ये सहा-आठ इंच पोकळी. तिच्यात सळई बांधून काँक्रीट ओतायचं. आपण सेंट्रिंगच्या प्लेटा नंतर काढतो. इथे साचा कायमचा भिंतीतच राहतो.

तिकडे ही पद्धत मुख्यतः थंडीसाठी. आपल्याकडे द्राक्षांच्या शीतगृहाला पफ पॅनल लावतात ना, तेच तत्त्व. पण नाशिकच्या तळघराचा शत्रू थंडी नाही, पाणी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, भिंतीला रेटा देते. उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट भिंतीशी जातं. दहा फूट पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब. तो पेलतं मधलं काँक्रीट आणि सळई, थर्माकोल नाही.

आता माझी चूक सांगतो. माझ्याच घराचं तळघर, साध्या प्लायच्या शटरिंगमधलं. शटरिंग काढलं तर एका कोपऱ्यात खडी उघडी, हनीकोम्ब. मिस्त्री म्हणाला, "साहेब, फोडून नीट भरू, दोन दिवस द्या." मला स्लॅबची घाई. वरून प्लास्टर मारून मोकळा झालो. जुलैत त्याच कोपऱ्यातून पाझर. आईची ट्रंक भिजली, आत वडिलांची पत्रं होती. ती एवढंच म्हणाली, "इंजिनिअरच्या घरात पाणी?"

मला दोष दिसला होता, तरी मी झाकला. आयसीएफमध्ये तो दिसतच नाही. थर्माकोल आधीच झाकून बसलेला असतो. म्हणून बारीक खडी वापरा. तीन-तीन फुटांचे थर सगळ्या भिंतीवर फिरून भरा, व्हायब्रेटर लावा. घाई केली तर ओल्या काँक्रीटच्या दाबानं ठोकळे फुटतात. नंतर भिंत ठोकून बघा. शंका आली तिथे थर्माकोल कापून आत बघा.

बाहेरून चिकटणारा वॉटरप्रूफिंगचा पडदा लावा. सॉल्व्हंट असलेलं डांबर थर्माकोल विरघळवतं. पायाशी छिद्रांचा पाइप आणि खडी, भरावाला काळी माती नको, मुरूम घ्या. वाळवीची फवारणी विसरू नका. ती थर्माकोल पोखरून वर चढते.

तर दादा, डिझाइन करणारा इंजिनिअर ओतकामाच्या दिवशी स्वतः उभा राहणार असेल, तर जरूर करा. नसेल, तर साधी आरसीसी भिंत बरी. शटरिंग काढल्यावर निदान डोळ्यांना दिसते. मात्र दिसलं की दोन दिवस द्या.

भेटू पुढच्या भागात.