मागचा तांबडा दिवा

सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं चालत्या मोटारगाडीचे दिवे लागलेलेच हवेत, असं १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. धुक्यानं वा पावसानं उजेड अपुरा झाला, तर भर दिवसासुद्धा! पुढच्या दिव्यानं १५५ मीटरवरचा, म्हणजे सुमारे दोनशे पावलांवरचा माणूस दिसावा. मागचा तांबडा दिवाही तितक्याच अंतरावरून दिसावा. इथंच आपलं घोडं पेंड खातं. उसाच्या ट्रॉलीवाला म्हणतो, "मला वाट दिसते की!" अहो, पण मागच्याला तुमची ट्रॉली दिसते का? माझा एक विद्यार्थी अशाच काळोख्या ट्रॉलीवर आदळला. पाय वाचला, परीक्षेचं वर्ष मात्र गेलं. गुरुजी, ती दोनशे पावलं मुलांना एकदा मैदानावर चालून दाखवा.