वही उघडी हवी



संगणकाबद्दल बोल, असा निरोप होता. मी गुहागरबद्दल बोलते.

आपण शाळेत होतो तेव्हा, डिसेंबर १९९३ मध्ये, राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी करार केला. त्यातली मेख अशी, की मंडळाने वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. आणि दर डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की बिल चढायचं. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. तिनेही कर्ज ताळेबंदाबाहेर दडवलं होतं. सरकार काय, कंपनी काय, ज्यांचे पैसे त्यांनाच वही बंद!

माझ्या कामात प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी कोणी, केव्हा, कोणाच्या संमतीने, याची नोंद राहते. सरकारी खर्चाची नोंद मागायला २००५ पासून देशभर माहिती अधिकार कायदा आहे. आपल्या राज्यात तर त्याआधीच होता. दहा रुपयांत अर्ज होतो. किती जणांनी केलाय? राहू दे, बाई बघताहेत.

आता आपल्या वर्गणीचं. शाळेच्या संगणक कक्षासाठी जमणाऱ्या पैशांची प्रत्येक पावती, प्रत्येक बिल दर तीन महिन्यांनी शाळेच्या फलकावर लागावं, आणि हिशेब तपासायला आपल्या बॅचबाहेरचा माणूस असावा, असं मी सुचवते. विश्वास नाही म्हणून नव्हे. सगळे मित्र आहोत, म्हणूनच कोणी कोणाला विचारणार नाही.

पहिली पावती माझ्या नावाने फाडा.