कोयनेचे खोरे



सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या बहुतेक नद्या पूर्वेकडे वा आग्नेयेकडे वाहतात. कोयना मात्र महाबळेश्वरहून निघून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात वळते आणि पाटणवरून कराडला येऊन कृष्णेस मिळते. पश्चिमेस सह्याद्रीची धार, पूर्वेस बामणोलीची रांग आणि मध्ये हे अरुंद, खोल खोरे. इतिहासात जावळी म्हणून गाजलेला दुर्गम मुलूख तो याच खोऱ्याच्या वरच्या अंगाचा.

नदी धारेच्या लगत असल्यामुळे समुद्रावरून येणारे ढग प्रथम येथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या कराडला तो सातशेच्या आसपास येतो. धारेपलीकडे कोकणाचा कडा एकदम तुटलेला आहे. अभियंत्यांनी नेमका हाच योग साधला. १९६०च्या दशकात १०३ मीटर उंचीचे धरण बांधून पाणी अडविले आणि डोंगरातून बोगदे काढून ते पोफळीकडे चारशे मीटरांहून अधिक खाली सोडले. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी वीज देऊन वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास जाऊ लागले!

या विजेची किंमत खोऱ्याने मोजली. नदीकाठची सपाट भातखाचरे शिवसागर जलाशयात गेली. कित्येक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत गेली, तर काहींनी पाण्याच्या वर, डोंगरउतारावरच पुन्हा घरे उभारली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. जलाशयामुळे भूकंपास चालना मिळते का, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून जगभर घेतले जाते. याच अभ्यासासाठी या परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनछिद्रही घेण्यात आले आहे.

परंतु ग्रामपंचायत सदस्यांनी भूकंपाइतकेच लक्ष उताराकडे द्यावे. येथील डोंगर बेसाल्टचे, माथ्यावरचे सडे जांभ्याचे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी मुरते. खालच्या चिकण थराशी अडून ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. उन्हाळ्यात गावाला जगविणारा झरा तो हाच. अतिवृष्टीत मात्र हेच पाणी मातीचा थर फुगवून खडकावरून सुटा करते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली.

दरड कोसळण्यापूर्वी उतार पुष्कळदा इशारा देतो. वरच्या अंगाला जमिनीस भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा वाट बदलते. हे सर्वांत आधी गुराख्याला दिसते, कचेरीला नव्हे. म्हणून गावाच्या नकाशात प्रत्येक झरा, जुनी दरड व ओढ्याची वाट नोंदवून घ्यावी. हे काम शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना बरोबर घेऊन एका उन्हाळ्यात सहज करता येण्याजोगे आहे. रस्त्यासाठी उताराचा पायथा तोडताना, किंवा शाळेची खोली ओढ्याच्या तोंडाशी बांधताना, तो नकाशा ग्रामसभेपुढे असावा. पाऊस सतत दोन दिवस कोसळू लागला, तर कोणती वस्ती प्रथम हलवावयाची आणि कोठे, हेही त्याच नकाशावर मे महिन्यातच ठरवून ठेवावे.