वसईचा तह आणि शेजारधर्म

वसईच्या नांवाशीं इतिहासांतील तीन तह निगडित आहेत. 1534 सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें हा मुलूख पोर्तुगिजांच्या हवालीं केला. 31 डिसेंबर 1802 रोजीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. हे दोन्ही मुख्यतः राज्यकर्त्यांचे आपसांतील व्यवहार होत. परंतु मधल्या, 1739 च्या तहांत सामान्य रहिवाशाचाही विचार झालेला दिसतो.

1737 पासून चाललेल्या उत्तर कोंकणच्या मोहिमेची अखेर मे 1739 मध्यें वसईचा किल्ला पडून झाली. मराठ्यांचीं हजारों माणसें तटाखालीं कामास आलीं होतीं. पोर्तुगीज अमलांत हिंदूंच्या धर्मकृत्यांवर आलेल्या निर्बंधांची आठवणही ताजी होती. सूड घेण्यास याहून अधिक कारण तें कोणतें हवें? तथापि चिमाजी आप्पांनीं शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रांसह सन्मानानें बाहेर पडूं दिलें. जाऊं इच्छिणाऱ्या रहिवाशांना चीजवस्तु नेण्याची मुभा मिळाली, राहणाऱ्यांना स्वधर्म पाळण्याची मोकळीक मिळाली आणि तीन चर्चें चालूं ठेवण्याचेंही मान्य झालें. चर्चांच्या कांहीं घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्यांपैकींच होय. म्हणजे हें औदार्य निर्भेळ नव्हतें. तरीही विजेत्यानें आपल्याच सत्तेला लेखी मर्यादा घालून घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र अशा तहाची एक मर्यादा आहे. त्यानें सरकारचा हात आवरतो. शेजाऱ्याचें मन आवरत नाहीं. राज्याचें वचन आणि व्यक्तीचें कर्तव्य हीं दोन्ही एकाच कागदावर आणण्याचा प्रयत्न आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं केला. त्यांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा 1981 मध्यें संमत झाला व 1986 मध्यें अमलांत आला. त्याच्या पहिल्याच कलमानें हक्क मान्य करून त्यांसाठीं कायदे करण्याचा भार राज्यांवर टाकला आहे. आणि अठ्ठाविसाव्या कलमानें प्रत्येक व्यक्तीला बजावलें आहे कीं, तिनें इतरांना भेदभाव न करितां मान द्यावा. समस्त आशिया खंडाला बांधणारा असा करार अद्याप झालेला नाहीं. भारतापुरतें पाहतां, राज्यघटनेनें धर्मस्वातंत्र्य दिलें आणि विहिरी, दुकानें, उपाहारगृहें येथें जातिधर्मावरून कोणासही अडविण्यास मनाई केली. पुढें 1976 च्या दुरुस्तीनें नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें घटनेंत आलीं. बंधुभाव वाढविणें हें त्यांपैकीं एक आहे.

येथें एक धोका ओळखला पाहिजे. कर्तव्य हें हक्काचें मोल नव्हे. अमक्यानें कर्तव्य केलें नाहीं, सबब त्याचा हक्क बुडाला, असें म्हणण्याची सवलत राज्याला मिळाली तर हक्क हा शब्दच पोकळ होईल. राज्यानें आपलें वचन बिनशर्त पाळावें, आणि जेथें राज्याचा हात पोंचत नाहीं तेथें माणसानें आपलें कर्तव्य करावें, हीच यांतील खरी वांटणी होय.

ती जागा कोणती, हें आजच्या वसई-विरारमध्यें सहज दिसतें. नालासोपाऱ्यास किंवा विरारला एखादें कुटुंब भाड्याची खोली पाहूं लागतें. पैसे तयार असतात, कागदपत्रें तयार असतात, मग हलकेच प्रश्न येतो, "आपण कोणत्या समाजाचे?" उत्तर ऐकतांच खोली "कालच दिली गेली" असें ठरतें. येथें कोणी शिपाई आला नाहीं, कोणता हुकूम सुटला नाहीं. न्यायालयाचा आधारही नेहमीं मिळेलच असें नाहीं. सभासदत्व केवळ पारशी समाजापुरतें राखणाऱ्या अहमदाबादच्या एका गृहसंस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयानें 2005 मध्यें ग्राह्य धरला होता. दार उघडावयाचें कीं नाहीं, हें पुष्कळदां घरमालकाच्या सद्बुद्धीवरच राहतें.

वसईचा किल्ला आज भग्न आहे. परंतु आसपासच्या गांवांतून चर्चची घंटा आणि देवळांतील आरती दोन्ही ऐकूं येतात, आणि वाडवळी व सामवेदी बोली अद्याप कानांवर पडतात. एवढें सहजीवन एका तहानें टिकत नाहीं. शरण आलेल्या शत्रूलाही जेथें राहण्याची मुभा मिळाली, त्या भूमींत भाडें हातांत घेऊन आलेल्या शेजाऱ्याला दारांतून परत जावें लागूं नये.