रुपयाचे मोल आणि घोडेगावचा कांदा

घोडेगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की भाव उतरतो. रुपयाचेही तसेच आहे. उत्पादनापेक्षा चलन वेगाने वाढले की त्याचे मोल घटते, हा मिल्टन फ्रीडमन यांचा सिद्धान्त. त्यांच्या कितीतरी आधी, १९२३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या निर्मितीला निश्चित मर्यादा असावी असे प्रतिपादिले होते. त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते. १९८५ साली सुखमय चक्रवर्ती समितीने चलनपुरवठ्याची उद्दिष्टे ठरविण्याची शिफारस केली. २०१६ साली महागाईचे ४ टक्के हे लक्ष्यच निश्चित झाले. परंतु अवकाळी पावसात सडलेला कांदा व्याजदर वाढवून बाजारात येत नाही. मग निर्यात रोखली जाते. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी होती आणि ग्राहकाच्या स्वस्ताईचा भार कांदा उत्पादकाने वाहिला.