घरातले वतन केव्हा सुटणार?

(पुणे शहरातील एका बुद्धविहारात पौर्णिमेच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली आहे. घरातील जुनी दैवते गेली, उपासतापास गेले, आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आली. हे योग्यच झाले. परंतु आज मी वंदनेविषयी बोलणार नाही. कामाचे तास, कामाची मजुरी आणि कामावर जाण्याची वाट या तीन गोष्टींविषयी मी बोलणार आहे. याचा धम्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, हे त्यास माझे उत्तर आहे. ज्या धम्माने पोट भरण्याच्या रीतीचा विचार केला, त्या धम्माच्या उपासकाने आपल्या घरातील कमाईचा हिशेब तपासू नये काय?

आपल्या वाडवडिलांच्या मानेवर महारवतनाचे जोखड होते, ते आपणांस ठाऊक आहेच. त्या कामाला वेळ नव्हती. अपरात्री बोलावणे आले तरी निघावे लागे. वतनदार घरी नसला तर घरातील दुसऱ्या माणसाला राबावे लागे. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि 1958 साली मुंबई राज्यात कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा झाला. वतनाचे खरे दुष्टपण कशात होते? कामाचे मोजमाप नव्हते, यात होते. ज्या श्रमाला तास नाहीत आणि ठरलेला दाम नाही, तो श्रम करणारा गुलामच असतो.

आता मी आपणांस एक हिशेब घालतो. समजा, पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत राहणारी एक भगिनी आहे. तिला हिंजवडीच्या एका कचेरीत साफसफाईचे काम मिळते. पगार महिना 12,000 रुपये, काम आठ तास. परंतु बस बदलून जाण्यास दीड तास व येण्यास दीड तास. म्हणजे घराबाहेर अकरा तास झाले. महिन्याचे 26 दिवस धरले तर 286 तास, आणि तासाला पडले सुमारे 42 रुपये. त्यातून बसभाडे जाईल ते निराळेच. उलट, जवळच सहकारनगरात पाच घरची धुणीभांडी तिने धरली तर पाच तासांचे 7,000 रुपये मिळतात. तासाला सुमारे 54 रुपये पडले. ती जवळचे काम धरते. शेजारी म्हणतात, बाईला जास्त पगाराची नोकरी नको झाली! बंधूंनो, बाईचा हिशेब बिनचूक आहे. तिच्या पदरी मात्र दरमहा 5,000 रुपये कमी पडले, भविष्यनिर्वाह निधी गेला, आजारपणाचा विमा गेला आणि बढतीची आशाही गेली.

तिच्या पतीला चाकणच्या कारखान्यात काम मिळाले तर तो मात्र बिनदिक्कत जातो. अंतर त्यालाही आहेच. मग हा फरक कोठून आला? त्याला पहाटे डबा तयार मिळतो. मुलांना शाळेत दुसरे कोणी तरी पोहोचवते. रात्री परत आल्यावर ताट वाढलेले असते. म्हणून, पतीच्या पगारात पत्नीचे न मोजलेले तास मिसळलेले आहेत, असे मी म्हणतो. पगाराच्या पाकिटावर नाव मात्र त्याचे एकट्याचे असते.

ही माझी कल्पना नव्हे. भारत सरकारने 2019 साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी सुमारे 81 स्त्रिया दररोज घरचे बिनमोबदला काम करताना आढळल्या. पुरुष शंभरात केवळ 26. जे हे काम करतात त्यांतही स्त्रीचा वेळ सरासरी 299 मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि पुरुषाचा 97 मिनिटे. फ्रान्समध्ये काम शोधणाऱ्यांच्या नोंदी तपासून 2021 साली अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, जवळचे काम मिळावे म्हणून स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक मजुरी सोडावयास तयार होतात, आणि स्त्रीपुरुषांच्या वेतनातील तफावतीचा काही भाग त्यातूनच उद्भवतो. अमेरिकेतील क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिले मूल झाल्यानंतर ही तफावत वाढते, असे त्यांच्या संशोधनात दिसते. श्रीमंत देशांतही हे घडते. मग आपल्या वस्तीत काय होत असेल?

आपला मार्गदाता हाही एक अर्थशास्त्रज्ञच होता. 1928 साली प्रसूतीच्या रजेचे विधेयक मुंबई विधिमंडळापुढे आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास पाठिंबा दिला. जो मालक स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने तिच्या बाळंतपणाचा भारही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. संविधानाच्या 39 व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन हे तत्त्व आले. 1976 साली त्यासाठी कायदा झाला आणि पुढे 2019 च्या वेतन संहितेत ते तत्त्व घेतले गेले. परंतु समान वेतनाचा कायदा कारखान्याच्या दारापाशी थांबतो. दूरच्या कारखान्यापर्यंत जी पोहोचूच शकत नाही, तिला त्याचा उपयोग काय?

पुण्याच्या कष्टकरी स्त्रियांनी यावर वाट शोधली आहे. 1980 साली येथील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही बहुतांशी आपल्याच समाजबांधवांच्या घरच्या. पुढे त्यांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली आणि महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम मिळवले. कचराकुंड्या धुंडीत रानोमाळ फिरणे सुटले. ठरलेली घरे, ठरलेली वेळ आणि दरमहा शुल्क आले. जे काम कोणी मोजत नव्हते ते त्यांनी मोजावयास लावले. संघटनेचा अर्थ हाच.

आता आपण काय करावे? पहिली गोष्ट, सात दिवस एक वही ठेवा. घरातील प्रत्येकाने कोणते काम किती वेळ केले, ते लिहा. आठव्या दिवशी सर्वांनी बसून ती वाचा. दुसरी गोष्ट, काही कामे पुरुषांनी स्वतःच्या नावे घ्यावी. मदत म्हणून नव्हे, वाटा म्हणून. पाणी भरणे, मुलांना शाळेत पोहोचवणे, रात्रीची भांडी, यांत कोणता कमीपणा आहे? तिसरी गोष्ट, विहार दिवसभर रिकामा असतो. तेथे वस्तीचे पाळणाघर सुरू करा. चौथी गोष्ट, नगरसेवकाकडे जाताना केवळ नळ आणि गटार मागू नका. पहाटे आणि रात्री वस्तीपर्यंत येणारी बस मागा आणि रस्त्यावर दिवे मागा.

तथागतांनी सिगालाला उपदेश करताना सांगितले की, धन्याने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेतन द्यावे व वेळेवर सुट्टी द्यावी. आणि पतीने पत्नीचा मान राखून तिला घरात अधिकार द्यावा. आपण दररोज पंचशील म्हणतो. दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. पत्नीने आनंदाने दिलेले तास घ्या. गृहीत धरून घेतलेल्या तासांचा मात्र विचार करा.

आजच्याच सभेकडे पाहा. पुरुष वेळेवर येऊन पुढे बसले. भगिनी भाकऱ्या थापून, भांडी आवरून अर्ध्या तासाने आल्या आणि दाराशी बसल्या. त्रिसरण त्यांच्यावाचूनच झाले. गावकीचे वतन आपण सोडले. घरातले वतन अजून चालू आहे, आणि त्याचा पाटील आपल्यापैकीच कोणी तरी आहे. पुढच्या पौर्णिमेला सर्व भगिनी त्रिसरणाला हजर असतील, एवढे जरी झाले तरी हे भाषण कारणी लागले असे मी समजेन.

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.